‘स्क्यूड’ म्हणजे खोटं का?

पत्र आलंय सातारा जिल्ह्यातून. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पत्रलेखिका 27 वर्षांची आहे. एका संस्थेसाठी डोंगरातल्या वाड्यांमध्ये घरोघर फिरून उत्पन्नाची माहिती गोळा करते. पहिल्या वाडीचा तक्ता तिने वरिष्ठांना पाठवला, तर त्यांचं इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं: ‘उत्पन्नाचा डेटा बॅडली स्क्यूड आहे. सरासरी वापरू नका.’ तिने मोबाइलवर अर्थ पाहिला. तिथे ‘पक्षपाती’, ‘विकृत’, ‘एकतर्फी’ असं काय काय निघालं. मग तिने रात्री साडेअकराला सरांना लांबलचक मेल लिहिला. त्यातलं एक वाक्य तिने पत्रातही उतरवलंय: ‘मी एकही आकडा टेबलावर बसून भरलेला नाही, चपला झिजवल्यात.’ त्याला आता दोन आठवडे झाले. सर कामापुरतं बोलतात, पण त्या मेलचा विषय काढत नाहीत. तिचे प्रश्न तीन आहेत. सरांनी माझ्यावर आरोप केला की नाही? हा शब्द नेमका काय आहे? आणि ग्रामसभेपुढे मराठीत टिपण ठेवायचंय, तिथे त्याला काय म्हणू?

ताई, आधी तुमच्या जिवाला लागलेली गोष्ट बोलू, शब्दाकडे नंतर वळू.

तुमच्यावर आरोप झालेला नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. ‘डेटा स्क्यूड आहे’ हे वाक्य आम्ही माणसाबद्दल नाही, आकड्यांच्या आकाराबद्दल बोलतो. ‘दुधावर साय जाड आहे’ म्हटल्यावर गवळ्याला राग यायचं कारण नाही, तसंच हे. आणि ‘बॅडली’चा अर्थ इथे ‘वाईट रीतीने’ असा नाही. नुसता ‘फार’, ‘चांगलाच’ एवढाच. आपणही म्हणतोच की, ‘वाईट भूक लागलीय.’ त्या भुकेने काही पाप केलेलं नसतं.

तरी तुमच्या सरांना मी पूर्ण सोडणार नाही. उन्हातान्हात वाड्या पालथ्या घालून आलेल्या मुलीला दोन ओळी धाडायच्या, त्याही अशा शब्दात की ज्याला रोजच्या इंग्रजीत खरोखरच डंख आहे, हा आळस झाला. आणखी एक ओळ लिहिली असती तर तुमची रात्र वाचली असती. हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. वर्तमानपत्रात ‘स्क्यूड’ म्हणजे मुद्दाम एका बाजूला झुकवलेलं. संख्याशास्त्रात ‘स्क्यूड’ म्हणजे ज्याच्या डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत ते. शाळेत तुम्ही सममिती शिकलात ना, कागद मधोमध दुमडला की दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात? ते जिथे बसत नाहीत ते स्क्यू. सर दुसऱ्या तोंडाने बोलले, तुम्हाला पहिलं ऐकू आलं.

तुम्ही तक्ता सोबत जोडलाय, बरं केलंत. नऊ घरांचं महिन्याचं उत्पन्न, हजारांत: 8, 9, 10, 10, 11, 12, 13, 15 आणि 92. शेवटचं घर जेसीबीवाल्यांचं, असं तुम्हीच समासात लिहिलंय. बेरीज 180, भागिले 9, सरासरी 20 हजार. आता त्या वाडीत 20 हजार मिळवणारं घर दाखवा बरं. एकही नाही. नऊपैकी आठ घरं सरासरीच्या खाली आणि एक इतकं वर, की मान मोडेपर्यंत बघावं लागेल. म्हणून सर म्हणाले, सरासरी वापरू नका. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला, म्हणजे पाचवा, उचलला तर मिळतात 11 हजार. दहावीच्या पुस्तकातला हाच तो मध्यक. जेसीबीवाल्यांनी उद्या आणखी दोन यंत्रं घेतली आणि त्यांचं उत्पन्न दुप्पट झालं, तरी मध्यक जागचा हलणार नाही. सरासरी मात्र त्यांच्या मागोमाग धावत सुटेल.

आता शब्दाकडे. त्याचं घराणं मजेशीर आहे, आणि तुमच्या कामाशी त्याचा मी कल्पना केली होती त्याहून जवळचा संबंध निघाला. तो पुढे सांगते.

‘स्क्यू’ इंग्रजीत आला तो उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतून. तिथे मूळ क्रियापद होतं ‘एस्किवे’ सारखं काहीतरी, अर्थ टाळणं, चुकवणं, अंग काढून घेणं. फ्रेंचांनीही ते जर्मानिक भाषांमधून उचललेलं. त्याच मुळातून इंग्रजीत ‘एस्च्यू’ आला, म्हणजे वर्ज्य करणं, आणि त्याच जर्मानिक कुटुंबातला ‘शाय’, म्हणजे लाजाळू. आता टाळणारा, लाजणारा आणि तिरका हे तिघे एका घरात कसे राहतात, असा प्रश्न इंग्रजांना पडत असेल. आपल्याला पडू नये. आपल्याकडे बैल बुजतो. समोर काही फडफडलं की तो सरळ चालायचा थांबतो, अंग चोरतो, बाजूला होतो, आणि गाडी रस्त्यात तिरकी होते. त्याच ‘बुजणे’वरून आपला ‘बुजरा’ आला, म्हणजे लाजाळू. बिचकणं, लाजणं, बाजूला होणं हे सगळं आपणही एकाच धातूच्या ओंजळीत धरलंय. ‘स्क्यू’चं मूळ समजून घ्यायचं तर इंग्रजी शब्दकोशापेक्षा बुजलेल्या बैलाची जोडी डोळ्यांसमोर आणलेली बरी.

मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाजूला वळणं, वाट सोडणं असा होता. पुढे तिरप्या नजरेने बघणं आलं आणि मग वस्तूंचं तिरकेपण. सतराव्या शतकाच्या सुमाराला तो विशेषण म्हणून रुळला. म्हणजे मुळात हा शब्द हालचालीचा, आकाराचा नव्हे. आकार त्याला नंतर चिकटला.

त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली गवंड्यांनी. कालवे आणि रेल्वे आल्या तोवर पूल बांधणारा माणूस शक्यतो नदी काटकोनातच ओलांडायचा. रस्ता थोडा वळवला की झालं. पण कालवा वळवणं महाग, आणि रेल्वेला तर वळण मानवतच नाही. मग पूलच तिरका बांधायची वेळ आली. साध्या कमानीत दगडांचे थर पायथ्याला समांतर चढत जातात. तिरक्या कमानीत तसं केलं तर दोन कोपऱ्यांच्या दगडांखाली आधारच राहत नाही, ते बाहेर निसटू पाहतात. त्यावर तोड अशी निघाली, की थर समांतर न रचता मळसूत्रासारखे फिरवत न्यायचे. अशा पुलाच्या पोटाखाली उभं राहून वर पाहिलं तर विटा दोरीच्या पिळासारख्या वळत गेलेल्या दिसतात. आयर्लंडमध्ये नास गावाजवळ विल्यम चॅपमन या अभियंत्याने 1787 मध्ये कालव्यावर असा पूल बांधला. जॉर्ज स्टीफन्सनने लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी रेनहिलला बांधलेला तर ‘स्क्यू ब्रिज’ याच नावाने ओळखला जातो. तिथे रस्ता रुळांना 34 अंशांत कापतो. आधी शेजारच्या शेतात लाकडाची प्रतिकृती उभी करून पाहिली होती म्हणतात. गवंड्यांना बहुधा पटलं नसणार, आणि त्यांचं काय चुकलं?

या पुलांमुळे एक झालं. ‘स्क्यू’ हे दोषाचं नाव राहिलं नाही, बांधणीच्या एका जातीचं नाव झालं. तिरका पूल वाकडा नसतो. तो ज्या कोनात बांधायचा होता त्याच कोनात असतो.

संख्याशास्त्रात शब्द आला तो याच निर्दोष अर्थाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजमाप करणारी मंडळी एका घंटेच्या आकाराच्या प्रेमात होती. माणसांची उंची मोजा, छाती मोजा, मधोमध फुगवटा आणि दोन्ही बाजूंना सारखा उतार. मग जिथे तसं येत नसे, तिथे मोजणाऱ्याचंच चुकलं असणार अशी शंका घ्यायची. तुमच्या मनात सरांच्या मेलने जी शंका आली, तीच. वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतल्या नेपल्सच्या सुमारे हजार खेकड्यांची मापं घेतली. बाकी मापं जवळपास घंटेच्या आकारात बसली, पण कपाळाची रुंदी काही केल्या बसेना. लंडनच्या कार्ल पिअर्सनने ते आकडे हातात घेतले आणि 1894 मध्ये दाखवलं, की एका घंटेऐवजी दोन घंटा एकमेकींत मिसळल्यात असं धरलं तर आकडे जुळतात. मोजणारा खोटा नव्हता. खेकडेच बहुधा दोन तऱ्हेचे होते.

त्यानंतर 1895 मध्ये पिअर्सनने एक लांबलचक निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच ‘स्क्यू व्हेरिएशन’ आहे. त्यातलं एक उदाहरण मी वर्गात दर वर्षी सांगायचे. बटरकप नावाचं पिवळं रानफूल, 222 फुलांच्या पाकळ्या मोजलेल्या. पाच पाकळ्यांची 133, सहाची 55, सातची 23, आठची 7, नऊची 2 आणि दहाची 2. फळ्यावर याचे खांब काढले की डावीकडे एक उंच डोंगर, उजवीकडे निमूट उतरत जाणारी शेपटी आणि डोंगराच्या डावीकडे काहीच नाही. चार पाकळ्यांचं एकही फूल त्या यादीत नव्हतं. फूल काही पक्षपाती नसतं. त्याला पाचाच्या खाली उतरायचं नसतं, वर कधीमधी जातं, एवढंच. उत्पन्नाचंही असंच असतं. शून्याच्या खाली फारसं कुणी जात नाही, वर मात्र छप्पर नाही. त्यामुळे जगात कुठेही उत्पन्नं मोजा, उजवीकडे शेपटी निघतेच. तुमच्या वाडीत ती फक्त एकाच घराची आहे, म्हणून अशी ठसठशीत दिसते.

जाता जाता एक सावध करते, कारण यात आमचे एमएस्सीचे विद्यार्थीसुद्धा गोते खायचे. ‘राइट स्क्यूड’ म्हटलं की डोळा डोंगराकडे जातो, आणि डोंगर तर डावीकडे असतो. नाव शेपटीवरून पडतं, डोंगरावरून नाही. तुमची वाडी राइट स्क्यूड आहे.

मोबाइलने ‘पक्षपाती’ का दाखवलं, तेही सांगते. इंग्रजीत ‘बायस’ हा ‘स्क्यू’चा शेजारी. त्याचाही मूळ अर्थ तिरपा, फ्रेंच ‘बिऐ’वरून आलेला. शिंपी ज्याला उरेब म्हणतात ना, कापड आडव्या-उभ्या धाग्याला सोडून कोनात कापायचं, तेच इंग्रज शिंप्याचं ‘बायस’. ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी लावली म्हणून कुणी शिंप्याला पक्षपाती म्हणत नाही. पण इंग्लंडात हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा एक जुना खेळ आहे. त्यातला चेंडू मुद्दाम एका बाजूला जड किंवा वेडावाकडा ठेवायचे, म्हणजे तो वळत जाई. त्या वळणालाही ‘बायस’ म्हणत. तिथून तो माणसाच्या मनाच्या झुकण्याला लागला, आणि मग न्यायाधीशापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना चिकटला. ‘स्क्यू’लाही पुढे तीच हवा लागली. आपल्याकडे ‘तिरका’, ‘वाकडा’ यांचं काय झालंय ते बघा की. तिरकस बोलणं, वाकड्यात शिरणं, वाकडी वाट. सरळपणा हा सद्गुण ठरवला की तिरकेपणाला दुर्गुण व्हावंच लागतं, मग भाषा कुठलीही असो. ‘लॉपसाइडेड’ हा आणखी एक भाऊ, तो मात्र जहाजावरचा. एका अंगाला जास्त भार होऊन लवंडलेल्या जहाजाला म्हणायचे. त्याची मुळं वेगळी, म्हणून त्यात शिरत नाही.

आता मी ज्यासाठी थांबले होते ते.

तुमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात: ‘मी दुपारी दोन ते पाचमध्ये जायचे आणि बंद घरं सोडून द्यायचे, 14 उंबऱ्यांपैकी 5 घरांना कुलूप होतं.’ ताई, दुपारी दोन ते पाच घर उघडं कुणाचं असतं? ज्याच्या घरी म्हातारी माणसं राखणीला आहेत त्याचं, ज्याला दुकान आहे त्याचं, ज्याची यंत्रं दुसरे चालवतात त्याचं. आणि कुलूप कुणाचं? नवरा-बायको दोघंही मजुरीला जातात त्यांचं. तुम्ही खोटं काही लिहिलं नाही. पण ती पाच घरं वगळली गेली, आणि ‘स्क्यू’चा जुना अर्थ वगळणं, चुकवणं हाच आहे. सरांच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी तुमचे 14 उंबरे पाहिलेत असंही मला वाटत नाही.

कल्पना करा, ती पाच घरं सहा-सात हजारांची निघाली: तीन 6 ची आणि दोन 7 ची. मग 14 घरांचा मध्यक, म्हणजे मधल्या दोन आकड्यांचा, 9 आणि 10 चा, मध्य, 11 वरून साडेनऊ हजारांवर येतो. सरासरी 20 वरून 15 हजारांच्या आसपास. जेसीबीवाल्यांच्या शेपटीचा दोष नाही, ती खरी आहे, ती तक्त्यात राहू द्या. या पाच कुलपांचा मात्र आहे. पहिलं तिरकेपण वाडीचं आहे, दुसरं तुमच्या फेरीच्या वेळेचं. दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द, म्हणून घोटाळा.

ग्रामसभेच्या टिपणाचं म्हणाल तर माझा सल्ला आहे, एका शब्दाच्या मागे लागू नका. ‘विषमता’ लिहिलंत तर उत्पन्नाच्या विषयात लोक गरीब-श्रीमंत दरी असाच अर्थ घेतील, आणि चर्चा भलतीकडे जाईल. ‘असममित’ बरोबर आहे, पण तो शब्द ऐकून सभेतले निम्मे चहाला उठतील. ‘कललेलं’ मला आवडलं असतं. सूर्य कलतो, त्यात कुणाला दोष नाही. पण निवडणुकीच्या कलामुळे त्याला ‘कुणाच्या बाजूने?’ असा वास आलाय. संस्थेच्या आतल्या अहवालात लिहायचं असेल तर ‘उजवीकडे लांब शेपटी असलेलं वितरण’ लिहा. लांब आहे, पण चित्र दिसतं. ग्रामसभेपुढे नुसतं एवढंच लिहा: ‘पाहणी केलेल्या 9 घरांपैकी 5 घरांचं मासिक उत्पन्न 11 हजार किंवा त्याहून कमी आहे. सरासरी दिशाभूल करते म्हणून दिलेली नाही.’ ती का करते हे खोलात सांगत बसू नका. ‘एका घरामुळे’ एवढं म्हटलंत तरी सगळ्या माना जेसीबीवाल्यांकडे वळतील, आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला 15 हजार सांगतील. त्यांना दोष देता येणार नाही.

सरांना मेल नको, प्रत्यक्ष बोला, सकाळच्या चहाला. माफी मागायची तर मेलच्या सुराची मागा, चपला झिजवल्याची नको. म्हणावं: ‘सर, मी तो शब्द आरोप समजले होते. मध्यक काढलाय, 11 हजार येतो. पण माझ्याकडून पाच घरं सुटलीत, ती करून मग तक्ता देते.’ हे ऐकल्यावर ते मेलचा विषय काढतील असं वाटत नाही, आणि काढला तर हसत काढतील. जमलं तर हळूच हेही सांगा, की पुढच्या वेळी दोनच्या जागी तीन ओळी लिहा.

आणि त्या पाच घरांना संध्याकाळी सातनंतर जा. सोबत कुणाला तरी घ्या. बॅटरी न्या. वाडीतली कुत्री ओळखीची होईपर्यंत पिशवीत बिस्किटांचा एक पुडा राहू द्या.